उंचावलेल्या गाडीची सरळ चाल

पिकअप ट्रकचे सस्पेन्शन उंचावणे ही दिसायला निव्वळ उभ्या दिशेची क्रिया असते: गाडीचे धड जमिनीपासून दोन, तीन किंवा चार इंच वर जाते, टायर आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी वाढते, त्या पोकळीत अधिक मोठे टायर बसतात आणि चालकाला रस्ता पूर्वीपेक्षा थोडा वरून दिसू लागतो. तिचे परिणाम मात्र आडव्या दिशेने उमटतात. चाकांचे माथे आत झुकतात की बाहेर, समोरची दोन्ही चाके एकमेकांकडे किती वळतात, वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून मधोमध येते की चालकाला ते ओढून आणावे लागते, आणि नाकासमोर चालणारी गाडी एके दिवशी एका बाजूला का ओढू लागते, हे सगळे प्रश्न त्या तीन इंचांच्या पोटातून निघतात. म्हणून नवे स्प्रिंग बसवून, बोल्ट आवळून, गाडी जॅकवरून खाली उतरवली की काम संपले असे जे समजले जाते ते खरे नसते. चाकांचे कोन एकमेकांशी, गाडीच्या मध्यरेषेशी आणि रस्त्याशी पुन्हा जुळवून घेण्याचे, म्हणजेच व्हील अलाइनमेंटचे, काम त्यानंतर सुरू होते, आणि उंचीचे जेवढे कौतुक होते त्याच्या दशांशानेही या कामाचे होत नाही.

या विषयाचे माहेर अमेरिका आहे. फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी मोटारीच्या मागे मालाचा उघडा हौदा कारखान्यातच जोडून ती २८१ डॉलरला विकायला काढली, तेव्हापासून पिकअप हे तिथल्या शेतकऱ्याचे, सुताराचे, गवंड्याचे वाहन झाले. १९४६ मध्ये, युद्धातल्या ट्रकांच्या अनुभवावर उभा असलेला डॉजचा पॉवर वॅगन बाजारात आला आणि चारही चाकांना ताकद देणारा ट्रक सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळू लागला. गाडी उंचावण्याची गरज मूळची खरी होती, कारण खडक, ओंडके, चिखलातले चर यांच्यावरून जाताना पोटाखाली जागा लागते. गरजेची हौस कधी झाली हे नेमके सांगता येत नसले तरी काही खुणा दिसतात: १९६७ पासून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात होणारी वाळवंटी शर्यत ही एक, आणि सेंट लुईसचे बॉब चँडलर यांनी १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ला चढवत चढवत ‘बिगफूट’ नावाचा जो अजस्र ट्रक केला आणि १९८१ मध्ये भंगार मोटारींवरून चालवून दाखवला, ती दुसरी. योगायोग असा की ज्या सेंट लुईस परिसरात ट्रकांच्या उंचीचे हे वेड वाढले, त्याच परिसरात ली हंटर यांनी १९४६ साली स्थापन केलेली कंपनी चाकांचे कोन मोजण्याची यंत्रे बनवते. एकाच गावात दुखणेही आणि दुखण्याचे मोजमापही.

मोजायचे कोन मुख्यतः तीन असतात. गाडीकडे समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून जेवढे झुकलेले दिसते त्याला कॅम्बर म्हणतात. माथा बाहेरच्या बाजूला झुकला तर तो धन आणि आत झुकला तर ऋण मानतात. गाडीकडे वरून पाहिले असता दोन्ही चाकांची पुढची टोके एकमेकांजवळ येतात की दूर जातात यावरून ठरतो तो टो. कॅम्बर जास्त बिघडला तर टायर एका कडेने झिजतो, परंतु टो बिघडला तर टायर अक्षरशः घासला जातो, कारण ज्या दिशेला चाक पाहते आहे त्या दिशेला गाडी जात नसते. हिशेब शाळकरी भूमितीचा आहे: चाक त्याच्या वाटेशी एका अंशाने तिरके असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे त्याला सुमारे साडेसतरा मीटर आडवे फरफटावे लागते, आणि चूक दशांश अंशाची असली तरी पावणेदोन मीटर. नव्या, जाड खाचांच्या टायरवर हे फरफटणे हाताला कळते. टायरवरून तळवा एका दिशेने फिरवला तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दात्यासारखी टोचते. मराठी गॅरेजमध्ये अशा गाडीला ‘टायर खाते’ असे म्हणतात, आणि उंचावलेल्या ट्रकचे टायर मोठे व महाग असल्यामुळे हे खाणे मालकाच्या खिशाला लवकर जाणवते.

तिसरा कोन कॅस्टर, आणि उंचावलेल्या गाडीची खरी गोष्ट या कोनाची आहे. स्टेअरिंग फिरवले की चाक ज्या काल्पनिक दांड्याभोवती वळते तो दांडा, गाडीकडे बाजूने पाहिले असता, उभा नसतो. त्याचे वरचे टोक थोडे मागे रेललेले असते. सायकलचा पुढचा चिमटा जसा हँडलकडे मागे कललेला असतो, आणि काही अंशी म्हणूनच उतारावर हात सोडूनही सायकल काही अंतर सरळ जाते, तसाच हा कल. या कलामुळे वळण्याचा दांडा जमिनीला जिथे भेटतो ती जागा टायरच्या टेकण्याच्या जागेच्या किंचित पुढे पडते, आणि चाक त्या जागेमागे ओढले जात असल्याने आपोआप सरळ होऊ पाहते. तेहेतीस इंची टायरची त्रिज्या साधारण ४१९ मिलिमीटर धरली आणि दांडा चाकाच्या मध्यातून जातो असे मानले, तर तीन अंश कॅस्टरला हे पुढेमागे असण्याचे अंतर सुमारे २२ मिलिमीटर येते आणि एका अंशाला जेमतेम ७. अंगठ्याएवढ्या अंतरावर गाडीचा सरळपणा अवलंबून असतो, आणि त्यातले दोन-तृतीयांश अंतर दोन अंशांच्या फरकाने नाहीसे होते, ही गोष्ट यंत्रशास्त्राचा गंध नसलेल्या माणसालाही थोडी अस्वस्थ करील.

हे अंतर उंचावल्याने का घटते, हे समजण्यासाठी समोरच्या स्वतंत्र सस्पेन्शनची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. बहुतेक आधुनिक पिकअपमध्ये प्रत्येक पुढचे चाक दोन आडव्या हातांनी चेसिसला जोडलेले असते. या हातांना कंट्रोल आर्म म्हणतात, वरचा हात आखूड आणि खालचा लांब असतो, दोन्हींची आतली टोके रबरी बुशांवर झुलतात आणि बाहेरची टोके बॉल जॉइंटने, म्हणजे खोबणीत फिरणाऱ्या गोलकाने, चाकाच्या नकलला, म्हणजे ज्यावर चाक बसते त्या जाड पोलादी तुकड्याला, धरून असतात. दोन्ही हातांची टोके सरळ रेषेत वरखाली न होता वर्तुळाच्या चापावर फिरतात. गाडीचे धड वर गेले म्हणजे हातांच्या दृष्टीने चाक खाली गेले. आणि खाली जाताना दोन वेगळ्या लांबीचे हात दोन वेगळे चाप काढत असल्यामुळे कॅम्बर बदलतो. त्यातच ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक फार खाली जाऊ नये म्हणून वरच्या हाताचा झुलण्याचा अक्ष मुद्दाम तिरका बसवलेला असतो, त्यामुळे खाली जाताना त्याचे बाहेरचे टोक थोडे पुढेही सरकते. वरचे टोक पुढे सरकणे म्हणजेच दांड्याचे मागे रेलणे कमी होणे, म्हणजेच कॅस्टर घटणे. चेसिसचे नाक वर झाल्यामुळे काही अंश परत मिळतात खरे, पण बहुतेक गाड्यांत हिशेब तोट्याचाच राहतो.

टो बिघडण्याचे कारण तिसऱ्या एका दांड्यात असते. स्टेअरिंगचा हुकूम चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडलाही स्वतःचा चाप असतो. मूळ उंचीवर तो कंट्रोल आर्मच्या चापाशी असा जुळवलेला असतो की चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले तरी त्याची दिशा फारशी बदलू नये. उंचावल्यावर टाय रॉड घसरगुंडीसारखा तिरका होतो, त्याची आडवी पोच कमी पडते आणि चाकाचे नाक आत किंवा बाहेर ओढले जाते. कोणत्या बाजूला, हे टाय रॉड चाकाच्या मध्याच्या पुढे आहे की मागे यावर ठरते. टो पुन्हा जुळवणे सोपे असते, कारण टाय रॉड आट्यांनी लांब-आखूड करता येतो. मात्र खड्ड्यागणिक चाकाची दिशा किंचित बदलण्याची जी खोड या तिरकेपणातून लागते ती यंत्रावर उभ्या गाडीत दिसत नाही आणि आट्यांनी जातही नाही.

वळताना दोन्ही चाके समान कोनात वळत नाहीत, आतल्या चाकाला अधिक वळावे लागते, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण त्यासाठीची जोडरचना याच टाय रॉडांनी साधलेली असते. ही युक्ती म्युनिकचा बग्गीकार गेओर्ग लांकेन्श्पेर्गर याची. तिचे इंग्लंडमधले पेटंट १८१८ मध्ये लंडनमध्ये रंगीत चित्रे आणि सचित्र ग्रंथ छापून विकणाऱ्या रुडॉल्फ ॲकरमन याने त्याच्या वतीने घेतले, आणि आजतागायत जगभरचे अभियंते तिला ॲकरमनचेच नाव देतात. कागद ज्याने भरला त्याचे नाव राहिले.

स्प्रिंगच्या डोक्यावर जाड पोलादी किंवा प्लॅस्टिकची चकती बसवून उंची वाढवणे हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, आणि त्याचे गणित अनेकांना फसवते: स्प्रिंग खालच्या हाताच्या मधल्या भागावर टेकत असल्याने एक इंच जाडीची चकती चाकापाशी जवळजवळ दोन इंच उंची देते. म्हणजे दिसायला किरकोळ वाटणारा तुकडा हातांना त्यांच्या चापाच्या टोकाकडे ढकलतो. पुढे काय करायचे हे त्यानंतर गाडीच्या बांधणीवर ठरते. टोयोटाच्या टॅकोमासारख्या ट्रकमध्ये वरचा हात जुळवता येत नाही. खालच्या हाताच्या दोन्ही बुशांतून जे बोल्ट जातात त्यांच्या डोक्याखाली एकांगी मध्याच्या चकत्या, म्हणजे कॅम, असतात, आणि त्या फिरवून तो हात आत, बाहेर किंवा तिरका करता येतो. त्याच दोन बोल्टांतून कॅम्बरही मिळवायचा आणि कॅस्टरही, त्यामुळे कॅम्बर शून्याजवळ आणेपर्यंत कॅम आपल्या टोकाला पोहोचलेले असतात आणि कॅस्टरसाठी हातात काही उरत नाही. अशा वेळी बॉल जॉइंटची जागा मुळातच मागे सरकवून घडवलेला वेगळा वरचा हात बसवावा लागतो; तो बसवण्याचा खर्च स्प्रिंगच्या किमतीत धरलेला नसतो, म्हणून हौस आणि अंदाजपत्रक यांची येथे पहिली खडाजंगी होते.

हे बोल्ट कागदावर फिरतात तितके सहज गाडीत फिरत नाहीत. अमेरिकेच्या ज्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, तेथे कॅमचा बोल्ट बुशाच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून असा चिकटतो की पाना लावला तर नट सुटतो, पण बोल्ट आपल्याबरोबर रबरालाही पिळत फिरतो आणि हात सोडताच परत मूळ जागी येतो. गॅसच्या ज्योतीने तापवावे तर रबर पेटते. मग बुशाच्या दोन्ही बाजूंनी, चेसिसचा कान आणि बुश यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत करवतीचे पाते घालून बोल्ट कापावा लागतो, हात उतरवावा लागतो, नवे बुश दाबून बसवावे लागतात, आणि तासाभराचे म्हणून घेतलेले काम संध्याकाळपर्यंत चालते. अनुभवी कारागीर म्हणूनच उंची वाढवण्याआधी हे बोल्ट फिरतात का ते पाहतो आणि नवे घालताना ग्रीस लावतो. ज्याला पुढचे काम ठाऊक आहे तोच आधीचे नीट करतो.

बुशांबद्दल आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाळतात. ही रबरी बुशे बेअरिंगसारखी फिरत नाहीत. त्यांचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते आणि हात झुलतो तो रबराच्या पिळण्याने. बोल्ट पक्के आवळताना हात ज्या स्थितीत असेल ती त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी जॅकवर असताना, चाके अधांतरी लोंबत असताना बोल्ट आवळले तर गाडी जमिनीवर येताच सगळी बुशे कायमची पिळलेल्या अवस्थेत राहतात, लवकर फाटतात, आणि दरम्यानच्या काळात पिळलेले रबर गाडीला थोडी अधिकच वर धरते; अशा खोट्या उंचीवर केलेली अलाइनमेंट महिना-दीड महिन्यात सुटते आणि दोष यंत्रावर जातो. नियम एवढाच की शेवटची आवळणी चाकांवर भार असताना करावी, आणि तो नियम जमिनीवर उताणे पडून पाना चालवावा लागतो म्हणून मोडला जातो.

प्रत्यक्ष मोजणीचा क्रम पाहण्यासारखा असतो. आधी टायरमधली हवा सारखी करतात, जीर्ण बॉल जॉइंट हलतात का ते चाक धरून हलवून पाहतात, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना टेपने मोजतात, कारण डावी-उजवी उंचीच वेगळी असेल तर कोन जुळवण्यात अर्थ नसतो. मग गाडी रॅम्पवर चढते. पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर आणि मागची सरकत्या पट्ट्यांवर उभी राहतात, प्रत्येक चाकाला खुणेची चौकोनी पाटी चिमट्याने अडकवली जाते, आणि गाडी हाताने थोडी मागेपुढे ढकलली जाते, म्हणजे रिम किंचित वाकडी असली तर तिची चूक समोरच्या कॅमेऱ्यांना वजा करता यावी. कॅम्बर आणि टो लगेच दिसतात. कॅस्टर तसा दिसत नाही. तो काढण्यासाठी स्टेअरिंग ठरावीक अंश डावीकडे आणि तेवढेच उजवीकडे फिरवावे लागते, आणि त्या दोन स्थितींत कॅम्बर किती बदलला यावरून यंत्र कॅस्टर गणते. जुळवण्याचा क्रम ठरलेला असतो: प्रथम कॅस्टर, मग कॅम्बर, आणि स्टेअरिंग मधोमध कुलूपबंद करून सर्वांत शेवटी टो, कारण पहिले दोन बदलले की तिसरा आपोआप बदलतो. मागचा धुरा अखंड असला तरी त्याचीही दिशा पाहावी लागते; उंचीसाठी मागच्या कमानीच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगच्या, खाली ठोकळे घालताना धुरा जरा तिरका बसला तर मागची चाके गाडीला एका दिशेने ढकलतात आणि पुढची त्याविरुद्ध वळवून धरावी लागतात, म्हणजे गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडे राहते.

अमेरिकी गॅरेजांत यातला केवळ शेवटचा भाग करून गाडी बाहेर काढण्याला एक उपहासाचे नाव आहे. मराठीत त्याचा आशय ‘टो लावा आणि गाडी सोडा’ असा होईल. हे काम अगदीच खोटे नसते, टायर त्यामुळे वाचतात. पण कॅस्टर गेलेल्या ट्रकला टो कितीही अचूक लावला तरी तो मोठ्या वेगात भरकटत राहतो, ट्रकांच्या चाकांनी पडलेल्या रस्त्यावरच्या खोलगट चाकोऱ्या त्याला आपल्याकडे ओढतात, आणि चालक नकळत सतत बारीक दुरुस्त्या करीत दमतो. गाडी ‘बरी चालते’ आणि चालक मात्र थकतो, अशी तक्रार मोजणीच्या कागदावर कुठल्याही रकान्यात येत नाही.

कागदाचाही विचार केला पाहिजे, कारण या कामातला सर्वांत सूक्ष्म प्रश्न तेथे आहे. यंत्र प्रत्येक कोनासमोर हिरवा किंवा लाल रंग दाखवते, आणि हिरव्याची व्याप्ती निर्मात्याने त्या गाडीच्या मूळ उंचीसाठी, मूळ टायरसाठी, मूळ वजनासाठी ठरवलेली असते. रॅम्पवर उभी असलेली गाडी ती उरलेली नसते. तिच्या नाकावर पोलादी बंपर आणि विंच, म्हणजे गाडी ओढून काढण्याची चरखी, आलेली असते, मागच्या हौद्यावर तंबू चढलेला असतो, टायर रुंद झालेले असतात. म्हणून हिरवा रंग मिळाला याचा अर्थ एवढाच की आताच्या गाडीचे आकडे पूर्वीच्या गाडीशी जुळतात. ती आता नीट चालेलच असे त्यातून निष्पन्न होत नाही. उलट काही जाणते कारागीर मोठ्या टायरच्या ट्रकला कॅस्टर निर्मात्याच्या हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पुढे नेऊन ठेवतात, लाल रंग पत्करतात, आणि गाडी महामार्गावर शांत चालते. दोन्ही बाजूंचे आकडे परस्परांशी जवळजवळ सारखे असणे हे बहुधा एखाद्या आकड्याच्या हिरवेपणापेक्षा अधिक मोलाचे असते, कारण गाडी ओढते ती बहुतांशी डाव्या-उजव्यातल्या फरकाने. यंत्रावरच्या रंगाला शरण जाणे सोपे आहे. उंचावलेल्या गाडीला त्याऐवजी निवाडा करणारा माणूस लागतो, आणि अशी माणसे मिळत नाहीत म्हणून कित्येक दुकाने बदललेली गाडी रॅम्पवर घ्यायलाच नकार देतात. हा नकार गिऱ्हाइकाला अपमानासारखा वाटतो, परंतु तो प्रामाणिक असतो.

ज्या ट्रकांत पुढेही अखंड धुरा असतो, उदाहरणार्थ फोर्डचे सुपर ड्यूटी किंवा रॅम २५००, आणि जीप रँग्लरसारख्या गाड्या, त्यांची व्यथा निराळी. तेथे कॅम्बर बदलत नाही, कारण दोन्ही चाके एकाच नळीच्या दोन टोकांना असतात. पण धुरा त्याला चेसिसशी जोडणाऱ्या, आता खाली लोंबलेल्या हातांवर मागेपुढे कलतो आणि कॅस्टर पुन्हा जातोच. शिवाय धुऱ्याला बाजूंनी आवरून धरणारा जो आडवा दांडा, म्हणजे ट्रॅक बार, त्याचे एक टोक चेसिसला आणि दुसरे धुऱ्याला असल्यामुळे गाडी उंचावताच अख्खा धुरा एका बाजूला सरकतो. कमी कॅस्टर आणि ट्रॅक बारचे सैल झालेले बुश एकत्र आले की एखाद्या पुलाच्या सांध्यावरून जाताना पुढची चाके भयंकर वेगाने फडफडू लागतात आणि गाडी जवळपास थांबवेपर्यंत ती थांबत नाहीत. हा रोग नवा नाही. १९२० च्या दशकात फुगीर टायर आणि पुढच्या चाकांवरचे ब्रेक आले तेव्हा अखंड धुऱ्याच्या मोटारी अशाच थरथरू लागल्या होत्या. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे आलेल्या मॉरिस ऑली यांनी त्याचा छडा लावताना आखूड-लांब हातांच्या स्वतंत्र सस्पेन्शनचा आग्रह धरला आणि १९३४ च्या कॅडिलॅक व ब्यूक मोटारींना ते मिळाले. शेव्हरोलेने ते १९६० मध्ये ट्रकांत आणले. फोर्डने १९६५ मध्ये दोन स्वतंत्र तुळयांचा मधला मार्ग काढला, ज्यात गाडी उंचावली की दोन्ही चाकांचे माथे बाहेर फाकतात. ज्या थरथरीतून सुटण्यासाठी अभियंत्यांनी एवढा खटाटोप केला तीच थरथर हौसेने उंचावलेल्या गाडीत पैसे मोजून परत आणली जाते, हे थोडे विनोदी आहे.

हौसेचे एक टोक तर कायद्यालाच पाहावे लागले. नाक वर आणि मागचा भाग खाली अशा बैठ्या ट्रकांची लाट अमेरिकेच्या कॅरोलायना भागात आली. चालकाला बॉनेटपलीकडचा रस्ता दिसेना आणि समोरच्यांच्या डोळ्यांत दिवे जाऊ लागले. उत्तर कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच ठेवण्यास बंदी केली. गाडीचा पुढचा-मागचा कल हा नुसता दिसण्याचा भाग नसतो: साडेतीन मीटर अंतरावरच्या दोन धुऱ्यांमध्ये ५० मिलिमीटरचा फरक पडला तर चेसिस सुमारे ०.८ अंश कलते, आणि तेवढाच कॅस्टर बदलतो. मागे भार टाकला की तो वाढतो, मागचा भाग वर उचलला की घटतो. नव्या गाड्यांत याला आणखी एक पदर आहे. स्टेअरिंग किती वळले ते सांगणारा सेन्सर घसरण आवरणाऱ्या यंत्रणेला माहिती देतो, आणि अलाइनमेंटनंतर त्याचा शून्यबिंदू पुन्हा ठरवला नाही तर सरळ जाणारी गाडी वळते आहे असे त्या यंत्रणेला वाटू शकते.

भारतात हा छंद उशिरा आणि थोडा आला. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये येईपर्यंत हौसेसाठी घेण्याजोगे पिकअप येथे विरळाच होते, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तोच अर्थ ठामपणे सांगितला. तरीही उंचावलेले पिकअप महाराष्ट्रात रोज दिसतात, फक्त त्यांच्यामागे छंद नसून पोट आहे. टोमॅटो, कांदा, ऊस किंवा खडी भरताना गाडी मागे बसू नये म्हणून मालक मागच्या कमानीत एखाद-दोन पाटे वाढवून घेतात. भरलेली गाडी मग समपातळीत चालते. बाजार समितीत माल उतरवून रिकामी परतताना तिची शेपटी वर आणि नाक खाली असते, वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे कॅस्टर नेमका तेव्हा कमी झालेला असतो, आणि स्टेअरिंग हलके लागून गाडी रस्त्यावर वळवळते. चालक त्याला रिकाम्या गाडीचा स्वभाव समजतो. ती अलाइनमेंटला नेली तरी नेली जाते रिकामीच, आणि टायरच्या दुकानात बहुधा टो लावून मिळतो.

म्हणून गाडी पुढून उंचावलेली असो वा मागून, ती ज्या अवस्थेत सर्वाधिक चालते त्याच अवस्थेत, तेवढे सामान आणि तेवढे इंधन ठेवून, मोजायला न्यावी. नव्या स्प्रिंगांना किंवा पाट्यांना बसण्यासाठी काही शे किलोमीटर द्यावेत आणि मग पुन्हा मोजावी. दुकानातून निघताना आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा, त्यात कॅस्टरचा रकाना भरलेला आहे का ते पाहावे, आणि तो रकाना कोरा असेल तर केलेल्या कामाला टो जुळवणी एवढेच म्हणावे.